रिकामी परत आलेली बादली

डॉक्टर मृणाल सबनीस यांनी मला फसवलं. हे आधीच सांगून टाकतो. भाव काय तो पहिल्या वाक्यात सांगावा आणि मग चहा मागवावा, ही माझी धंद्यातली रीत. आणि फसवलं म्हणजे पैशात नाही. पैशात मला फसवणारा माणूस आमच्या जिल्ह्यात अजून दुकान उघडून बसायचा आहे. फसवलं ते एका बादलीत.

मी जानेफळचा. धंदा गोबरगॅस बांधायचा आणि जुन्या टाक्या विकायचा. बंद पडलेली दूध डेअरी, बुडालेला तेलाचा घाणा, भावाभावात वाटणी न झालेली जिनिंग, जिथे जिथे लोखंड आणि स्टील धूळ खात पडलंय तिथे मी पोचलेलो असतो. टाकी घेताना तिच्यावर बोटाच्या पेरानं टकटक करायची आणि तोंड वाईट करायचं. काही बोलायचं नाही. मालक आपोआप खाली येतो. तीच टाकी विकताना पुन्हा टकटक करायची आणि तोंड असं करायचं, जणू घरातली पोर सासरी चाललीय. एवढीच विद्या. शाळेत मी सातवीत थांबलो, पण ही विद्या कोणत्या शाळेत आहे ते दाखवा.

माझ्याबरोबर मेहकरचे यासीनभाई. वेल्डर. त्यांच्या जोडात पाणी थांबतं, हवा थांबते; फक्त त्यांची बडबड थांबत नाही.

तर काही वर्षांपूर्वी मेहकर–चिखली रस्त्याला एका बंद शेडमध्ये पुण्याची एक कंपनी आली. त्यांना टाक्या हव्या होत्या. त्यांचा खरेदी अधिकारी म्हणाला, "कोटेशन मेल करा." मी म्हणालो, "साहेब, मी समोर उभा आहे. माझ्याशीच बोला." तो म्हणाला, प्रोसिजर आहे. मी तिथेच बाकावर बसलो. दोन दिवस रोज जाऊन बसलो, घरून डबा घेऊन. तिसऱ्या दिवशी त्यानं स्वतःच विचारलं, "शेवटचं किती?" मी म्हणालो, "पहिलं तर अजून सांगितलंच नाही." त्या टाक्या मी विकल्या, बसवल्या, आणि देखभालीचं कामही पदरात पाडून घेतलं. तिथेच मृणाल मॅडमची ओळख झाली. पस्तिशीच्या असतील. डोळ्यावर चष्मा, पायात गमबूट, आणि मला पहिल्या दिवसापासून "काका."

आता तिथे चालायचं काय, ते समजून घ्या. मला मॅडमनी सांगितलं तसं सांगतो, कारण मला कळलं म्हणजे कुणालाही कळेल.

खराब मका, सोयाबीनचं कुटार म्हणजे भुसा, भाजीबाजाराचा कचरा असलं काहीही पाण्यात झाकून कुजवलं की ते आंबतं. त्या आंबट पाण्यात आम्लं असतात. एक शिरक्यातलं आम्ल, एक खवट लोण्याच्या वासाचं, अशी चार-पाच भावंडं. या आंबट पाण्याला कोणी विचारत नाही. पण त्याच आम्लांचं अल्कोहोल केलं, तर रंगवाले, औषधवाले, इंधनवाले दारात उभे राहतात. म्हणजे दारू नव्हे. कारखान्यात लागतं ते अल्कोहोल. हे काम करतात जंतू. दुसऱ्या बाजूला पऱ्हाटी, म्हणजे कपाशीच्या वाळक्या काड्या, अगदी थोड्या हवेत जाळायच्या. त्यातून जो गॅस निघतो, त्यानं माणूस मरतो. हे जंतू तोच खातात. गॅस खाऊन अंगात जी ताकद येते, ती लावून ते आम्लाचं अल्कोहोल करतात. आणि साधी हवा लागली, की मरतात.

"म्हणजे आपण मरतो त्याच्यावर हे जगते, अन् आपण जगतो त्याच्यानं हे मरते," यासीनभाई म्हणाले. "मॅडम, ये तो मेरे साढू जैसे है."

वासाचं सांगायलाच नको. ते खवट लोणी कपड्यात असं बसायचं, की एसटीचा कंडक्टर मला दारापाशी उभा करायचा, आणि खिडकीजवळची माणसं माझ्याकडे न बघता खिडक्या उघडायची. अल्कोहोल तयार होतं एवढं कानावर आलं, आणि गावातून ग्लास घेऊन माणसं यायला लागली. एक जण तर चकल्या घेऊन आला होता. मॅडमनी त्याला बाटलीचं झाकण काढून वास दिला. तो पाच मिनिटं खोकला, डोळे पुसले आणि म्हणाला, "मॅडम, याच्यात काही मिसळून भेटत नाही का?" परवान्याचे साहेब तपासायला आले, तेव्हा त्यांनीही वास घेतला आणि वहीत काहीतरी लिहून झटकन बाहेर गेले. जाताना मला म्हणाले, "हे चोरून कोणी पिणार नाही. चिंता मिटली."

पण खरी चिंता वेगळी होती. जंतू जगेनात.

ते बाहेरदेशातून आणलेले, बाटलीतून, बर्फातून, विमानातून. पुण्यात सिलिंडरच्या शुद्ध गॅसवर ते मजेत होते. आमच्याकडे पऱ्हाटीचा गॅस लावला, आणि चौथ्या दिवशी सगळे थंड. पऱ्हाटीच्या धुरात डांबर असतं, आणखी काय काय असतं. मॅडमनी गॅस धुतला, गाळला, पुन्हा धुतला. दुसरी बाटली आली. तीही गेली. तिसऱ्या बाटलीच्या वेळी मी अगरबत्ती लावली, तर मॅडम ओरडल्या, धूर नको. पुण्याहून रोज फोन यायचे. मॅडम फोनवर "हो सर, हो सर" म्हणायच्या, आणि ठेवला की टाकीला लाथ मारायच्या. टाकी मी विकलेली होती. मला लागायचं.

आता माझ्या घरची एक गोष्ट सांगणं भाग आहे. ती मी इतकी वर्षं कोणाला सांगितली नव्हती. अख्ख्या तालुक्यात मी गोबरगॅस बांधले. माझ्या घरचा गोबरगॅस नीट पेटायचा नाही.

ज्योत यायची ती मरतुकडी, पिवळी, मध्येच विझणारी. चहाला अर्धा तास. गिऱ्हाईक घरी आलं की बायको, सुमन, मागे चुलीवर चहा करायची आणि गॅसवर केल्यासारखा आणून द्यायची. माझी अब्रू तिनं पंधरा वर्षं अशी राखली. पण एकांतात सोडायची नाही.

"लोकायच्या घरी गॅस लावता, अन् स्वतःच्या घरी धूर. तुमाले लाज काऊन नाही वाटत?"

कारण मला माहीत होतं. थंडीत गोबरगॅसचा खड्डा गार पडतो, गॅस कमी येतो. म्हणून मी युक्ती केली. वर्कशॉपच्या भट्टीत पत्रे तापवायला पऱ्हाटी जळायची. तिचा धूर जुन्या पंख्यानं ढकलून एका पाइपातून खड्ड्यामधून फिरवला, उबेसाठी. पाइप भंगारातला. यासीनभाईंनी तेव्हाच सांगितलं होतं, "प्रल्हादभाऊ, इस पाइप में जान नहीं है." मी म्हणालो, भाव बघा. भाव खरंच असा होता, की सोडवेना. पुढे तो पाइप आतून फुटला, धूर शेणात बुडबुडायला लागला आणि गॅस पातळ झाला. बदलायचा तर खड्डा उपसावा लागणार, आणि खड्डा उपसला तर गाव विचारणार, काय झालं? त्यापेक्षा चूल बरी. वर मी लग्नाघरची उरलेली कढी, आंबलेलं ताक, सगळं त्याच खड्ड्यात ओतायचो. फुकट मिळालेलं टाकून देणं मला जमत नाही.

तिसरी बाटली मेली, त्या दिवशी मॅडम आमच्या घरी जेवायला होत्या. सुमननंच बोलावलं. म्हणाली, "पोरगी वाळून चालली. चार घास खाईन." जेवून हात धुवायला त्या मागच्या अंगणात गेल्या आणि परत येईनात. मी बघायला गेलो, तर मॅडम खड्ड्याच्या तोंडाशी उकिडव्या बसून नाकानं हुंगत होत्या.

"काका, यात काय टाकता?"

"शेण," मी म्हणालो.

"शेणाला असा वास येत नाही."

मी पकडला गेलो, की माझं डोकं तापतं. मी म्हणालो, माझ्या खड्ड्याला वाटेल तो वास येईल. त्या हसल्या नाहीत. पाइप बघितला, भट्टी बघितली, कढीचं पातेलं बघितलं. मग माझ्यावर अशा ओरडल्या, की शेजारची म्हैस उभी राहिली. "काका, हा विषारी गॅस आहे! हाच स्वयंपाकघरात येतोय! तुम्ही दोघं जिवंत कसे?"

"गॅस पेटतच नाही त याईचा," सुमन म्हणाली. "म्या कधी लावतच नाही. चूल हाय न मागं." पंधरा वर्षांची अब्रू एका वाक्यात गेली.

मॅडमनी बाटलीभर गाळ नेला. आठ दिवसांनी गाडी आमच्या दारात आली, ती थांबायच्या आधीच त्या उतरल्या. माझ्या खड्ड्यात, पंधरा वर्षं पऱ्हाटीचा धूर खाऊन आणि कढी पिऊन, नेमके हवे तेच जंतू तयार झाले होते. डांबरही पचवणारे. त्यांनी तो गाळ म्हणे उकळून बघितला. मिथेनवाले सगळे मेले आणि हे चिवट मागे उरले. ज्यासाठी बाहेरदेशात लोक वर्षानुवर्षं खपतात, ते माझ्या एका फुटक्या पाइपनं केलं होतं. मी यासीनभाईंना म्हणालो, "सांगा आता, पाइपात जान होती की नव्हती?" ते म्हणाले, "पाइप में नहीं थी भाऊ, छेद में थी."

मॅडमना आता एक बादलीभर गाळ हवा होता. मी ताबडतोब तोंड वाईट केलं. सवयच ती. मनात आकडा जुळवत होतो, आकडा मोठा होता, तेवढ्यात सुमननं स्वयंपाकघरातून विचारलं, "कायले पायजे त्याईले?"

मॅडम म्हणाल्या, "ताई, आमच्या टाकीत लावायला. विरजणासारखं."

संपलं. विरजण म्हटल्यावर माझा धंदा संपला. आमच्या घरात, आणि मला वाटतं तुमच्याही घरात, विरजणाचे पैसे घेत नाहीत. शेजारीण वाटी घेऊन आली, तर तिला विचारत नाहीत किती देणार. आपलं विरजण मोडलं, तर आपण तिच्याच दारात जातो. सुमननं लग्नात आलेली स्टीलची बादली काढली, माहेरची, तिच्यावर तिचं नाव घातलेलं. काठोकाठ भरली, हवा राहू नये म्हणून. मॅडमनी प्लास्टिक लावून झाकण घट्ट बांधलं. मी गाडीपर्यंत उचलून नेली. माझ्या हातून फुकट गेलेला हा आयुष्यातला पहिला माल. मला त्या दिवशी दाता असल्यासारखं वाटत होतं. ते लिहितानाही राग येतो.

जंतू लागले. असे लागले, की मॅडमनी शेडमध्ये पेढे वाटले आणि टाकीला हात जोडले. पऱ्हाटीचा गॅस आत, आंबट पाणी आत, आणि पलीकडे अल्कोहोल. आमचे जंतू वीज गेली तरी दम धरायचे. दिवसभर गॅस थांबला तरी रुसायचे नाहीत. "वऱ्हाडी हाय ते," मी सगळ्यांना सांगायचो. "उन्हातले."

मग मोठे साहेब यायचं ठरलं. वरचे, परदेशी पाहुण्यांसह, आणि त्यांना जंतूंचं मूळ ठिकाण बघायचं होतं. म्हणजे माझं अंगण. मॅडमनी एवढंच सांगितलं होतं, की काका, तो पाइप तेवढा बदला, कोणाच्या जिवाला अपाय नको. रास्त बोलणं. पण घरी पाहुणे येणार म्हटल्यावर आमच्याकडे नुसता पाइप बदलत नाहीत. मी खड्डा उपसला. तळापासून खरवडला, चुन्यानं पांढरा केला, फिनेलनं धुतला, नवा पाइप टाकला, ताजं शेण भरलं. घुमटाला निळा रंग दिला. यासीनभाईंनी लोखंडी कठडा करून दिला, त्यावर कमळ.

मॅडम पाहुण्यांना घेऊन आल्या. निळ्या घुमटाकडे बघून म्हणाल्या, "काका, खड्डा कुठाय?"

"हाच."

त्या कठड्याला धरून खाली बसल्या. पाहुण्यांना वाटलं, नमस्कार करताहेत. त्यांनीही केला. फोटो निघाले.

त्या दिवसापासून आमच्या घरचा गॅस निळाशार पेटतो. चहा पाच मिनिटांत. सुमन खूश. मी धुराचं विरजण पुन्हा धरायचं म्हणून जुना पाइप शोधायला भंगारवाल्याकडे गेलो. त्यानं माझं तोंड बघितलं आणि पाइपावर टकटक केली. माझीच विद्या माझ्यावर. तरी पाइप आणला. तो बघून सुमन उंबऱ्यात उभी राहिली. "माह्या गॅसले हात लावून पाहा," म्हणाली, "मंग सांगतो." पाइप अजून गोठ्यात आहे.

मला त्याची एवढी काळजी नव्हती. विरजण मोडलं, तर ज्याला दिलं त्याच्याकडून आणायचं. आणि मला ते हवंच होतं, कारण मी शब्द दिला होता.

उंद्रीला शेतकऱ्यांचा एक गट आहे. अध्यक्ष तेजरावभाऊ. भिजलेला मका, सडलेला कांदा दरवर्षी उकिरड्यावर. त्यांना लहान कारखाना हवा होता, कंपनीएवढा नाही, दोन टाक्यांचा. परवान्याचा अर्ज त्यांनी रीतसर केला. टाक्या मी देणार, जोड यासीनभाईंचे.

"पण प्रल्हादभाऊ, ते जंतू कुठून आणसान?" तेजरावभाऊंनी चारचौघांत विचारलं होतं.

मी छातीवर हात मारून म्हणालो, "माह्याच खड्ड्यातले हायेत, भाऊ. बादलीभर आणून देतो. माहा शब्द."

भावात मी चार वेळा पलटेन. शब्दात नाही. त्यावरच माझं दुकान उभं आहे.

गेलो मॅडमकडे. म्हणालो, एक बादली द्या. त्यांनी चष्मा काढून पुसला. जो माणूस बोलायच्या आधी चष्मा पुसतो, त्याच्याकडून आजवर मला चांगलं उत्तर मिळालेलं नाही.

"काका, ते जंतू म्हणजे आता कंपनीचं कल्चर, कंपनीची मालकी."

"बरं, अर्धी बादली."

"प्रश्न किती याचा नाही, काका."

"तांब्याभर."

"काका..."

"वाटी. वाटीभर तर शेजारीण देते."

मी आयुष्यभर लोकांना खाली आणलं. त्या दिवशी समोरचा माणूस तोंडातून ब्र काढत नव्हता, आणि मीच एकेक पायरी उतरत होतो.

"चमचा," मी म्हणालो. "एक चमचा. मी वाढवीन. मॅडम, माझ्याच घरचा आहे तो."

त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, हे मी खोटं सांगणार नाही. म्हणाल्या, "वर विचारते."

वर म्हणजे कुठे, ते मला अजून कळलेलं नाही. पंधरा दिवसांनी कंपनीची गाडी दारात आली. ड्रायव्हरनं बादली उतरवली. तीच, सुमनच्या नावाची, झाकण लावलेली. सुमन पदराला हात पुसत धावत आली. मी ओरडलो, "उघडू नको, हवा लागीन!" पण उचलतानाच मला कळलं होतं. आयुष्य टाक्या उचलण्यात गेलं माझं. भरली कोणती आणि रिकामी कोणती, ते माझ्या कमरेला कळतं.

आत एक लिफाफा होता. त्यात कागद. कंपनीकडून जंतू हवे असतील, तर अर्ज करावा. अर्जात माझ्या नावापुढे छापलं होतं, "प्राप्तकर्ता." मूळ स्रोत: "शेणखड्डा, विदर्भ." आणि जंतूंचं नाव म्हणजे एक नंबर. अर्ज मंजूर झाला, तरी दुसऱ्या कोणाला देता येणार नाही. म्हणजे तेजरावभाऊंना नाही.

सुमन बादलीत वाकून बघत होती. बादली घासलेली, लखलखीत. "याच्यात काहीच नाही," ती म्हणाली. मग मॅडमचा विषय निघाला की ती नेहमी जे म्हणते, ते तिनं त्या दिवशी पहिल्यांदा म्हटलं: "साखर तरी टाकायची. चिमूटभर."

तेजरावभाऊंना मी अजून तोंड दाखवलेलं नाही. उंद्रीवरून जायचं झालं, तर गाडी न थांबवता जातो. त्यांनी यासीनभाईंजवळ एवढंच विचारलं, "प्रल्हादभाऊ बिमार हायेत का?" शिवी दिली असती, तर बरं झालं असतं.

मॅडमचा फोन आला होता. "माझ्या हातात नव्हतं, काका." मी मान्य करतो. खड्डा मी धुतला, हेही मान्य करतो. माझ्या हातानं, फिनेलनं, वर कमळ लावून. कंपनीवर माझा राग नाही. कंपनीला आई नाही, तिच्या घरी कोणी वाटी घेऊन येत नाही, तिला कोण शिकवणार?

पण तुम्हाला आई आहे, मृणाल मॅडम. तुमच्या पुण्यातही शेजारणी आहेत. शेजारच्या घरचं भांडं परत करताना त्यात काही घालतात, हे तुम्हाला माहीत होतं. हे ज्या अंकात छापून येईल, तो तुमच्या कंपनीच्या ऑफिसात येणार, हे मला माहीत आहे. मी स्वतः पाठवणार आहे. अर्ज, नियम, वरचे साहेब, हे सगळं बाजूला ठेवा. त्या दिवशी बादली तुमच्या समोर घासली गेली की नाही? झाकण तुम्ही लावलंत की नाही? ते लावताना तिच्यावरचं नाव तुम्ही वाचलंत की नाही?

बादली आम्ही आत घेतलेली नाही. ओट्यावर ठेवली आहे, उघडी, नाव रस्त्याकडे करून. येऊन सांगा.